काचेपलीकडचा भ

काचेपलीकडच्या त्या पोरीचे ओठ मिटले, उघडले, आणि भाईंना नोकरी लागली. निदान भाईंना तरी तसं दिसलं. ऐकू काही आलं नव्हतं आणि येण्याचा प्रश्नही नव्हता. एक तर मध्ये जाड काच, आणि काच नसती तरी भाईंचे कान खिळ्यांच्या कारखान्यानं कधीच चावून, गिळून, वर ढेकर देऊन संपवले होते. पण गोदामाच्या काचेच्या केबिनमध्ये ती साहेबीण पोरगी आणि तिच्याबरोबरचा चष्मेवाला टेबलावर वाकून बोलत होते, आणि बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या भाईंना त्यांचं बोलणं दुकानावरची पाटी वाचावी इतकं स्वच्छ दिसत होतं. ‘जागा एकच उरलीय,’ चष्मेवाला म्हणाला. ‘मग भाईंनाच घेऊ,’ पोरगी म्हणाली, ‘हात बघितलेस?’ चष्मेवाल्यानं मान हलवली. ‘पण घरी विचारून सांगतो म्हणतायत,’ पोरगी म्हणाली. ‘हो असेल तर उद्या सकाळच्या गाडीनं थेट या, असं सांगून टाकलंय मी.’ त्यांनी आपले हात मांडीवर घेऊन उलटेसुलटे करून पाहिले. चांगले होते. बोटं थोडी वाकडी, एका अंगठ्याचं नख कायमचं काळं, पण हात म्हणून चांगले. जन्मभर ज्या हातांनी तारेला डोकी ठोकली ते एका नजरेत ओळखले म्हणजे पोरगी हुशारच म्हणायची.

घरी विचारून सांगतो, असं आपण कधी म्हणालो, हे मात्र त्यांना आठवेना. पण मुलाखतीत आपण काय काय म्हणालो यातलं काहीच त्यांना धड ठाऊक नव्हतं. आत गेले तेव्हा पोरीनं कानाला यंत्र लावलेलं होतं, आणि त्याची ती बारीक दांडी वळून नेमकी तिच्या ओठांपुढे आली होती. झालं. पडदाच पडला. तिनं काहीतरी विचारलं, भाई म्हणाले, “एकच मुलगी, लग्न झालं, बाहेरगावी असते.” तिनं आणखी काहीतरी विचारलं, भाई म्हणाले, “दोन्ही डोळे उत्तम.” चष्मेवाला खाली बघून खोकायला लागला. मग तिनं हातानंच काहीतरी दाखवलं, तेव्हा भाईंनी अंदाजानं सांगितलं, “घरी मंडळी आहेत, त्याही आल्यात, बाहेर बसल्यात.” तेवढ्यावरून घर विचारात घेतलं असेल तिनं. साहेब लोक स्वतःच्या सोयीनं ऐकतात, असं भाईंचं जुनं मत होतं. आणि ‘भाई’ हे नाव तिला कुठून कळलं याचं कोडं नव्हतंच, कारण दारावरच्या ढोल्यानं त्यांना आत सोडताना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, “मॅडम, हे आमचे भाई. यांच्या हातचा खिळा भिंतीत गेला की भिंत पडते, पण खिळा पडत नाही.” ढोल्या पूर्वी भाईंच्या शेजारच्या मशीनवर होता. आता निळी टोपी घालून त्याच फाटकावर उभा राहतो, आणि गाड्यांना सलाम करतो.

मंडळी आल्या होत्या त्या कान म्हणून. नाव पुकारलं तर कोपरानं ढोसायला. “तू नुसती चल गं,” भाई म्हणाले होते, “बस एका बाजूला.” पण बसलेल्या बाईला ढोल्यानं बायकांच्या रांगेत ढकललं, रांगेनं पुढे ढकललं, पुढे एका टेबलावर खोकी, चिकटपट्टी आणि काचेची भांडी ठेवलेली होती, आणि कुणी सांगायच्या आत बाईंनी तीन खोकी बांधून ठेवली. रिकाम्या हातानं बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं. आता ती बाजूच्या दारानं बाहेर आली, पायात चपला सरकवल्या, भाईंच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, “माझं काही जमलं नाही हो. चला.”

“असू दे गं,” भाई जिंकलेल्या माणसाच्या मोठ्या मनानं म्हणाले. “सगळ्यांचंच जमतं असं नाही.” फाटकाबाहेर आल्यावर त्यांनी आणखी थोडं थांबायचं ठरवलं होतं, निदान घरापर्यंत, पण आनंद काही खिशात मावेना. “माझं मात्र झालं,” ते म्हणाले. “काचेतून वाचलं मी. भाईंनाच घेऊ म्हणाली. उद्या सकाळच्या गाडीनं या म्हणाली.” ती चालता चालता थांबली. त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, जेवणात खडा लागावा आणि पाहुण्यांसमोर थुंकता येऊ नये तशी. मग म्हणाली, “हो का? बरं झालं.” आणि पुन्हा चालायला लागली, जरा भराभर.

रस्ता तोच, कारखान्याचा. भिंतीही त्याच, फक्त वर पिवळा रंग चढवून गोदामाचं नाव लिहिलेलं. जमीन मात्र ऐकायला तयार नव्हती. खोटं वाटेल, पण त्या जमिनीतून खिळे उगवतात. पिढ्यान्‌पिढ्या सांडलेले, मातीत मुरलेले खिळे प्रत्येक पावसानंतर अळंबीसारखे डोकं वर काढतात, आणि पार्सलांच्या गाड्या फाटकात शिरता शिरता फुस्स करून बसतात. गोदामानं चुंबक फिरवले, डांबर ओतलं. खिळे डांबर फोडून वर आले. शेवटी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यानं दुमजली घर बांधलं आणि वरच्या मजल्याला नाव दिलं ‘खिळेकृपा’. आता गावात कामाचे प्रकार उरले होते तीनच: गाडीवर बसून दुसऱ्याच्या दारात पार्सल टाकणारे, त्या गाडीचं पंक्चर काढणारे, आणि या दोघांकडे बघत बसणारे. पंक्चरवाल्यानं भाईंना मागे एकदा विचारलंही होतं, “भाई, या की माझ्याकडे. खिळा घालायचं तुम्ही केलंत, आता काढायचंही करा.” भाईंना हसू आलं होतं आणि रागही. रस्त्यावर बसून करायचं ते काम असेल, पण आतलं काम नव्हे. आणि या गावात माणूस एकतर आत असायचा, नाहीतर बाहेर.

‘आत’ म्हणजे कारखान्यात, हे गावाबाहेरच्यांना समजत नसे. मुलीचं स्थळ ठरवायला माणसं आली होती तेव्हा पाहुण्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, “वडील काय करतात?” आणि हिनं मोठ्या अभिमानानं सांगितलं, “ते ना? लग्न झालं तेव्हापासून आतच आहेत. सणावारालासुद्धा सोडत नाहीत. यांचे वडीलही आतच गेले.” पाहुण्यांनी चहाचे कप अलगद खाली ठेवले. मुलाचा मामा पायानं चपला चाचपायला लागला. तेवढ्यात हिनं भर घातली, “धाकटे दीरही होते आत, पण त्यांची वागणूक चांगली नव्हती, म्हणून बाहेर काढलं.” लग्न झालं ते केवळ मुलाला मुलगी फार आवडली म्हणून, जावई अजून सासऱ्यांपुढे जरा जपूनच बोलतो. पुढे कारखाना बंद झाला. मालकानं फाटकाशी उभं राहून सांगितलं, की आता लोक ठोकत नाहीत, चिकटवतात. एवढंच. त्या दिवशी सगळं गाव एकदम बाहेर आलं, आणि इतकी माणसं बाहेर उभं राहण्याइतकं बाहेर त्या गावात नव्हतंच. पोरं शहरांकडे गेली. उरलेल्यांनी खांद्यावर ओझी घेतली, खुर्च्यांवर बसून फाटकं राखली. बायका घरोघर बसून पुठ्ठ्यावर बटणं शिवायला लागल्या, आणि त्याला काम म्हणायचं की नाही हे कुणीच ठरवलं नाही, कारण ते ना आत होतं ना बाहेर. घरातच होतं.

“आता तू ती बटणं सोड,” भाई म्हणाले. “सोडते की,” ती म्हणाली. नजर तिनं रस्त्यावरच ठेवली. भाईंना वाटलं, वाईट वाटतंय बिचारीला. त्यांनी रस्त्यात तिला द्राक्षं घेऊन दिली. तिनं घरी येईपर्यंत एकही तोंडात टाकलं नाही.

घर म्हणजे दोन खोल्या, मध्ये आरशाचं कपाट. संध्याकाळ उतरायला लागली तशी ती खिडकीच्या उजेडात पाठमोरी बसली आणि बटणं शिवायला घेतली, सोडलेली. भाई खाटेवर आडवे झाले. पाय थकलेले, पण डोक्यात मशीन सुरू झालेलं. तार सरकली, जबड्यानं धरली, हातोडा पडला, डोकं झालं, कात्रीनं टोक केलं, खिळा पडला. आणि हे एका मशीनचं, अशी मशीनं नजर पोचेल तिथपर्यंत. त्या आवाजात माणसाचा आवाज म्हणजे समुद्रात थुंकणं. म्हणून तिथं कुणी आवाज वाया घालवत नसे. नुसते ओठ हलवायचे. शेडच्या या टोकाला असलेला माणूस त्या टोकाच्या माणसाशी दिवसभर कुटाळक्या करायचा, आणि मधल्या पंचवीस जणांना पाठमोरं असल्यामुळे पत्ता नसायचा. हळूहळू सगळ्या गावालाच ती खोड लागली. मयतीला माणसं गप्प उभी असत आणि मेलेल्याचे सगळे गुण-अवगुण बोलून होत. नवरा-बायकोची भांडणं शेजाऱ्यांना ऐकू यायची बंद झाली, मग शेजारी पडदे सरकवून बघायला लागले. त्या गावात माणसाला स्वतःशी बोलायचं झालं तर तोंड भिंतीकडे करावं लागे.

पण ओठांनाही खोटं बोलता येतं, हे सगळ्यांत आधी ढोल्याला कळलं. मुकादमानं लांबून ओठ हलवले, ‘माप गेलं!’ म्हणजे खिळ्याचं माप बिघडलंय, मशीन थांबव. ढोल्यानं वाचलं, ‘बाप गेला!’ छाती बडवत, गळा काढत तो घरी पळाला, वाटेत चार माणसं गोळा केली, आणि दारात जाऊन बघतो तर बाप अंगणात दाढी करत बसलेला. आपली तिरडी बांधायला आलेली माणसं बघून म्हाताऱ्यानं असा काही धसका घेतला की पुढे मरायचंच विसरला. अजून जिवंत आहे. त्यानंतर शेडमध्ये नियम झाला. प, ब, भ, म, सगळ्यांना ओठ सारखेच मिटतात, तेव्हा खूण करायची: म असेल तर नाकाला बोट लावायचं, कारण तो नाकातून येतो, आणि भ असेल तर पोटावर हात ठेवायचा, कारण तो पोटातून येतो. नवा माणूस कामावर आला की तार कशी ओवायची हे नंतर शिकवत, आधी नाक आणि पोट. ढोल्याला पुढे जन्मभर चिडवलं, “अरे, ‘गेलं’ आणि ‘गेला’ यात तरी तोंड वेगळं उघडतं की नाही?” आणि ढोल्या म्हणायचा, “बाप गेल्यावर तेवढं कोण बघतं?”

भाई खाटेवर कुशीला वळले, आणि आरशात त्यांना ती दिसली. पाठ त्यांच्याकडे, पण कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं, आणि आरशात तिचं तोंड पूर्ण होतं. सुई वर येत होती, खाली जात होती. तिचे ओठ हलत होते. ‘आता कसं सांगू यांना?’ ती म्हणत होती. सुई वर आली. ‘सकाळी जाऊन उभे राहतील. चांगला शर्ट घालून.’ सुई खाली गेली. ‘गाडीतल्या सगळ्या हसतील.’ तिनं दोरा दातानं तोडला, नवा ओवला. आणि मग, जणू दुसऱ्याच कुणाशी बोलावं तसे, लहान मुलीचे असावेत तसे तिचे ओठ गोल झाले: ‘हो म्हटलं असतं मी.’

शर्ट. गाडी. गाडीतल्या सगळ्या. भाई हलले नाहीत. त्यांच्या डोळ्यांसमोर ती काच परत उभी राहिली, काचेमागे ती पोरगी, आणि तिनं दांडी हनुवटीखाली सरकवून म्हटलेलं वाक्य. भाईंनाच घेऊ. तिचा हात कुठे होता? तिचा हात टेबलावर होता. दोन्ही हात टेबलावर होते. पोटावर नव्हता. कसा असेल, तिला काय ठाऊक? पण भाईंना ठाऊक होतं. ज्यानं शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येक पोराला पोटावर हात ठेवायला शिकवलं त्या भाईंनी बिनहाताचा भ वाचला होता. आणि पुढचं? घरी विचारून सांगतो. ‘तो’ म्हणताना ओठ गोल होतात, फुंकर घालावी तसे. पोरीचे ओठ गोल झाले नव्हते. ते दोन्हीकडे ताणले गेले होते, हसल्यासारखे. तिथं दात दिसले होते. ‘ते.’ सांगते. हे त्यांनी पाहिलं होतं. डोळ्यांनी नीट पाहिलं होतं, आणि मनानं मध्येच हात घालून त्याचा ‘तो’ करून टाकला होता. बाप गेल्यावर तेवढं कोण बघतं? हात बघितलेस? भाईंनी आपले हात छातीवर घेतले आणि अंधारत चाललेल्या खोलीत ते त्यांना कुणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यांसारखे दिसले.

तिला घेतलं होतं. तिनं घरी विचारून सांगते म्हटलं होतं, आणि घरी विचारायचंच नाही असं ठरवून ती बाहेर आली होती. कुणासाठी, हे विचारायची गरज नव्हती. भाईंना आधी राग आला, तो कुणावर ते नीट ठरेना. मग लाज आली. द्राक्षांची फार लाज आली. आणि त्या सगळ्याच्या खालून, गारठ्यासारखी, एक सुटका वर आली, आणि तिचीच त्यांना भीती वाटली. कारण सगळं अजून मोडलं नव्हतं. नुसतं एवढंच म्हणायचं, की गुडघा दुखतोय, मी काही त्या नोकरीला जात नाही. तिचा जीव भांड्यात पडेल. ती लगेच म्हणेल, बरोबर आहे, या वयात कशाला. ती बटणं शिवेल, ते खिडकीतून गाड्या बघतील, दोघंही आपापलं माहीत असलेलं एकमेकांना कळू न देता भात खातील, आणि घर होतं तसं राहील. नाहीतर काय? सकाळी ती जाईल. आत. आपण दारात. दुधवाल्याला भांडं आपण पुढे करायचं. शेजारीण विचारेल, मंडळी कुठायत? आणि म्हणायचं, आत आहेत. भाईंनी ते वाक्य ओठांवर घेऊन बघितलं. खडबडीत होतं.

“अगं,” ते म्हणाले.

तिनं दचकून ओठ मिटले. “जागे आहात होय? दिवा लावते.”

“गुडघा,” भाई म्हणाले.

ती एकदम वळली. तिच्या तोंडावर अशी काही आशा आली की भाईंना बघवेना. “दुखतोय? मी म्हणतच होते! इतकं चाललात. अहो, मग उद्याचं राहू दे ना. नाही गेलं तर काय होतंय?” ती पटापटा बोलत होती, हातातलं बटण पडलं, ते घरंगळत कपाटाखाली गेलं आणि तिचं लक्षही नव्हतं. तिनं बटण पडू दिलेलं भाईंनी आजवर पाहिलं नव्हतं.

“गुडघा ठीक आहे,” ते म्हणाले.

तिनं उठून दिवा लावला. ते खाटेवर उठून बसले, दिव्याच्या उजेडात तोंड धरलं, आणि पोटावर हात ठेवून नुसते ओठ हलवले: ‘भाई.’ ती बघत राहिली. मग त्यांनी पोटावरचा हात काढला, मांडीवर ठेवला, आणि तेच ओठ तसेच पुन्हा मिटून उघडले: ‘बाई.’

ती हळूहळू खाली बसली. भाई आता मोठ्यानं म्हणाले, “पोटावर हात नव्हता गं तिचा.”

तिनं बटणांचा पुठ्ठा बाजूला सरकवला. मग ती म्हणाली, “मी नाही म्हणून कळवणारच होते.”

“ते दिसलं.”

“कुठं दिसलं?” तिनं मागे वळून आरशाकडे बघितलं आणि कपाटाचं दार फाडकन लावून टाकलं. “स्वतःच्या घरात काही बोलायची सोय नाही!”

“आत जा,” भाई म्हणाले.

“जातेय की, भात टाकायचाच आहे अजून.” ती उठून स्वयंपाकघराकडे निघाली.

“अगं, तिकडे नाही!” भाई ओरडले. “आत! आत जा तू. उद्या. गाडीनं.”

ती दोन खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यात उभी राहिली. एक पाय इकडे, एक तिकडे. तिला आधी हसू आलं आणि हसता हसताच तिनं पदर डोळ्यांना लावला. “आणि तुम्ही?” ती म्हणाली. “तुम्ही काय करणार दिवसभर?”

“मी बघेन,” भाई म्हणाले. काय बघणार हे त्यांना ठाऊक नव्हतं. “तो पंक्चरवाला म्हणत होता कधीचा.” आणि मग, थोड्या वेळानं, “ती द्राक्षं तरी खा.”

सकाळी कोपऱ्यावर गोदामाची गाडी आली तेव्हा भाई तिच्याबरोबर तिथं होते, चांगला शर्ट घालून. डबा त्यांनी धरला होता. चढताना तो तिच्या हातात द्यायचा हे त्यांच्या लक्षातच राहिलं नाही, कारण जन्मभर डबा धरणाऱ्यानंच आत जायचं असे. तिनं तो ओढून घेतला. गाडीत सगळ्या बायका. दार लागलं, इंजिनानं धडधड सुरू केली, आणि भाईंच्या कानात जेवढं होतं नव्हतं तेवढंही बुजून गेलं. ती खिडकीशी बसली. काच बंद. तिनं काच सरकवायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तेव्हा सोडून दिला. ओठ मिटले, उघडले, आणि त्याबरोबर तिनं हात पोटावर ठेवला. शेजारच्या बाईला वाटलं हिच्या पोटात दुखतंय. ती पाणी पुढे करायला लागली. ‘भात,’ ती म्हणत होती, पोटावर हात दाबून, ‘भात झाकून ठेवलाय. मीठ,’ आणि तिनं नाकाला बोट लावलं, ‘मीठ घातलेलं नाही.’ भाई बघतच राहिले. नाकपोटाची खूण शेडमधली. ती त्यांनी तिला कधी शिकवली नव्हती. ते डबा विसरले की तो घेऊन फाटकाबाहेर उभी राहायची, गजांतून आत बघत, तेवढीच ती आत आलेली. तेवढ्यावर शिकली होती, आणि इतक्या वर्षांत एका शब्दानं बोलली नव्हती.

गाडी हलली. तिनं हात खाली घेतला आणि शेवटचा एक शब्द उच्चारला. तो शब्द भाई रोज सकाळी उंबऱ्यातून म्हणत आले होते, मागे न बघता, आणि तेव्हा ओठ कसे होतात हे त्यांना कधी दिसलं नव्हतं, कारण ते त्यांचेच होते. आता त्यांनी नीट पाहिलं. घाई केली नाही, मनाला मध्ये हात घालू दिला नाही. ओठ गोल झाले नाहीत. दोन्हीकडे ताणले गेले, दात दिसले.

‘येते.’